हेडमास्तरांपुढे उभं राहायचं नाही

मी खोटे दात करतो. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर, प्लास्टरच्या धुळीत माझा जन्म गेला. त्यामुळे रिंगमधली कुस्ती ‘सगळी खोटी असते हो’ असं कोणी माझ्यासमोर म्हणालं की माझं डोकंच फिरतं. असेल खोटी! माझी कवळीही खोटीच असते. पण तिच्या जोरावर माणूस खरं सफरचंद खातो, फोटोत खरं हसतो आणि बायकोशी खरं भांडतो. खोटं असण्यात कसली आलीय लाज? लाज वाटायचीच तर खोटं काम ढिसाळ केल्याची वाटावी.

आणि हल्लीचं काम ढिसाळ झालंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

या विषयावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. एका पक्षात मी एकटा, दुसऱ्यात माझी मुलगी. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, त्यामुळे आपल्यालाच सगळं नीट दिसतं असा तिचा समज आहे. बायको तटस्थ आहे, म्हणजे आम्हा दोघांनाही सारखंच वेडं समजते.

मुलगी फोनवर नव्या कुस्त्या बघते आणि मलाही दाखवते. एक पैलवान शिडीवरून टेबलावर आदळतो, टेबलाचे दोन तुकडे होतात, आणि आपला चहा गार व्हायच्या आत तो गडी पुन्हा शिडीवर! अरे, पडलास ना? मग पडून राहा की जरा. आमच्या वेळी एकाने दुसऱ्याची मान बगलेत धरली की वडिलांच्या हातातली शेंगदाण्यांची पुडी संपेपर्यंत ती सुटायची नाही. सगळा हॉल त्या एका मानेपायी जीव मुठीत धरून बसायचा. हल्लीचे लोक बसतात ते परीक्षक असल्यासारखे. चांगल्या माणसाने मारलं की टाळ्या, वाईट माणसाने छान मारलं की त्यालाही टाळ्या. तो दुष्ट आहे, बाबांनो! त्याला टाळ्या काय वाजवता?

“बाबा, तुझे ते पैलवान ढेरपोटे होते,” मुलगी म्हणते. “एकमेकांच्या गळ्यात पडून डुलक्या काढायचे. आणि बायकांची कुस्ती कधी, तर मध्यंतरात, लोकांना हसायला म्हणून. आता बघ जरा त्या कशा खेळतात.”

हे शेवटचं मला निमूट मान्य करावं लागतं. त्या पोरी अप्रतिम खेळतात. पडल्या की पडल्यासारख्या दिसतात, आणि उठल्या की उठायला कष्ट पडल्यासारखे. पण मुलीसमोर मी हे एका वेळी थोडंथोडंच मान्य करतो, नाहीतर ती डोक्यावर बसेल.

माझं खरं दुखणं वेगळं आहे. मागे तिने मला फोनवर दोन कट्टर वैरी दाखवले. आदल्याच आठवड्यात एकाने दुसऱ्याला खुर्चीने बडवलं होतं. आता दोघं एप्रन बांधून, एकाच तव्यापुढे उभे राहून ऑम्लेट करत होते आणि हसत होते. त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण कोणाशी बोललो नाही. आमच्या वेळी वैर म्हणजे वैर होतं. चांगला आणि वाईट एका गाडीने गावाला जायचे नाहीत, एका हॉटेलात चहा प्यायचे नाहीत. कोणी बघितलं तर? इतकी काळजी आमची कोण घेतो हल्ली?

आता हेडमास्तराबद्दल सांगतो, कारण गोष्ट त्याचीच आहे.

हेडमास्तर हा आमच्या काळातला सगळ्यात पाजी पैलवान. शाळेची घंटा घणघणली की पडद्याआडून तो यायचा. काळा कोट, चकचकीत टक्कल, हातात वेताची छडी. रिंगच्या मधोमध उभा राहून छडी हवेत सपकन फिरवायचा आणि गर्जायचा, “सगळे उभे राहा!”

आणि सगळा हॉल खाली बसायचा.

तोवर आम्ही उभेच असायचो, खुर्च्यांवर चढून बोंबा मारत. पण त्याचा हुकूम सुटला की हजारभर माणसं एकदम धप्पकन बसायची, लाकडी खुर्च्यांचा असा धडाका व्हायचा की पत्र्याचं छप्पर हलावं. शेंगदाणेवाला टोपलीसकट पायरीवर बसायचा. वडील माझा खांदा दाबून मला खाली बसवायचे आणि म्हणायचे, “बस! त्या माणसापुढे उभं राहायचं नाही.” वडिलांचा त्यांच्या साहेबापुढे आवाज फुटत नसे. रविवारी दुपारी मात्र ते असे काही ठाण मांडून बसायचे की मला त्यांचा अभिमान वाटायचा. “उद्धट! एकेकाला वर्गाबाहेर काढीन!” हेडमास्तर किंचाळायचा, आणि आम्ही बसल्याबसल्या त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो.

त्याचा वैरी बंबवाला. लाल चड्डी, रुंद छाती, आग विझवणाऱ्या माणसासारखाच शांत. त्याला हरवणं हेडमास्तराच्या बापाला जमलं नसतं, म्हणून तो कोटाच्या खिशातून खडूची पूड काढायचा आणि बंबवाल्याच्या डोळ्यांत फेकायचा. दर वेळी. पंचाला ते कधीही दिसायचं नाही. अख्ख्या हॉलला दिसायचं आणि त्या एका माणसाला नाही! तो पंच पुढे माझ्याकडे कवळी करायला आला, तेव्हाही मी त्याच्याशी तुटकच वागलो.

तर परवाच्या हिवाळ्यात एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला पुढच्या खोलीत हाक मारली. दातांचा रंग ठरवायचा असला की त्या मला बोलावतात. खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ मान मागे टाकून बसले होते. स्वच्छ शर्ट, मांडीवर घडी घातलेला हातरुमाल. तोंडात एक दात नाही. मी रंगांची पट्टी घेऊन वाकलो आणि माझं लक्ष त्यांच्या कानाकडे गेलं. वर्षानुवर्षं कुस्तीत घासून कोबीच्या गड्ड्यासारखा झालेला डावा कान. खुर्चीला टेकून उभी केलेली छडी मग दिसली.

हेडमास्तर! लहानपणचा सगळा राग एका क्षणात उफाळून आला.

“तोंड उघडा,” मी म्हणालो. पेशंटशी मी असं बोलत नाही.

त्यांनी तोंड उघडलं नाही. माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसले. “डावीकडच्या खुर्च्या का उजवीकडच्या?”

“डावीकडच्या.”

“वाटलंच. छत्रीवाल्या बाई तुमच्याच बाजूच्या.” त्यांनी टकलावरचा एक पांढरा व्रण बोटाने दाखवला. “फार मनापासून द्वेष करायची ती बाजू. उजवीकडचे जरा मिळमिळीत होते.”

अर्थात दात नसलेल्या तोंडाने ते जसं बोलले तसं मी इथे लिहीत नाही. विशेषतः ‘सगळे’मधला ‘स’ कसा येत होता तो तर नाहीच, सभ्य घरांत ही गोष्ट वाचली जाईल. आणि त्यांची अडचण नेमकी तीच होती. आमच्या त्याच हॉलमध्ये, नव्या कंपनीने, जुन्या पैलवानांना एका रविवारी बोलावलं होतं. कुस्ती खेळायची नव्हती, तेवढी हाडं आता कोणाची राहिली नव्हती. घंटा वाजली की रिंगमध्ये यायचं, लोकांना शेवटचं तोंड दाखवायचं आणि जायचं. त्या दिवशी ‘सगळे उभे राहा’ कडक यायला हवं, म्हणून त्यांना कवळी हवी होती.

रिंगमधल्याला मी जन्मभर ‘तो’ म्हणत आलो. खुर्चीतल्याला ‘तो’ म्हणवेना. एवढं वैर मी पहिल्याच दिवशी सोडलं आणि तिथेच माझं चुकलं.

चाव्याचं माप घेताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, “आजोबा, जबडा सैल सोडा आणि सवयीने मिटा.” आजोबांनी सवयीनेच मिटला. म्हणजे खालचा जबडा बोटभर पुढे काढून, गुरगुरत. उभं आयुष्य तोंड तसंच धरलेलं, दुसरी सवय येणार कुठून? बाईंना काही कळलं नाही आणि मीही त्या मापावर बिनधास्त दात लावून मोकळा झालो. गुलाबी मेणात बसवलेल्या दातांची ती ट्रायल तोंडात घातली तेव्हा आरशात साक्षात हेडमास्तर दिसला आणि माझी बोबडीच वळली. पण त्या चाव्याने त्यांना पावसुद्धा चावता आला नसता. सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

“ही बाद झालेली मला द्याल?” त्यांनी विचारलं. “आठवण म्हणून.”

“घ्या. पण तोंडात घालू नका, नुसतं मेण आहे. आणि उन्हात ठेवू नका.” त्यांनी ती हातरुमालात गुंडाळून खिशात ठेवली.

त्यानंतर ते आले की आधी मागच्या खोलीत माझ्याकडे येऊ लागले. मी कवळ्या घासत असायचो, ते स्टुलावर बसून चहा प्यायचे. दुसऱ्या ट्रायलमध्ये त्यांनी आरशात बघून लगेच पकडलं. “हा वरचा एक वाकडा बसलाय.”

“मुद्दाम बसवलाय. सगळे सरळ असले की खोटे दिसतात.”

ते इतके हसले की ट्रायल निसटली. “तुम्ही आमच्या धंद्यात हवे होतात!” म्हणाले. खरं सांगतो, माझ्या कामाचं इतकं नेमकं कौतुक दुसऱ्या कोणी कधी केलेलं नाही.

एकदा मी त्यांना ऑम्लेटचं सांगितलं. वाटलं, तेही माझ्यासारखे भडकतील. ते म्हणाले, “बंबवाला दर सोमवारी माझ्याकडे पत्ते खेळायला यायचा.”

“काय?”

“लॉन्ड्रीच्या वर खोली आहे माझी. मागच्या जिन्याने यायचा. पुढून कधी नाही, खाली गिऱ्हाइकं असायची, कोणी बघितलं तर? पत्त्यांत लबाडी करायचा, लेकाचा. रिंगमध्ये मी करायचो, पत्त्यांत तो.” त्यांनी कप खाली ठेवला. “तो गेला तेव्हा घराबाहेर ही गर्दी. सगळी तुमच्यासारखी माणसं, फुलं घेऊन. आता तिथे मी कसा जाणार? मी रडताना दिसलो असतो तर त्याची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती. रस्त्यापलीकडे बस स्टॉपच्या मागे उभा राहून बघितलं. रडायला मी दुसऱ्या दिवशी गेलो. मागच्या दाराने.”

मी पॉलिशचं यंत्र चालू केलं. खोलीत दुसरा कसला तरी आवाज हवा होता.

पक्की कवळी बसवली त्या दिवशी ते खुशीत असायला हवे होते. ‘स’ अगदी धारदार येत होता. पण चेहरा उतरलेला. नव्या कंपनीतल्या कोणीतरी त्यांना कौतुकाने एक चित्रफीत दाखवली होती. त्यांच्याच वयाचा दुसरा एक खलपुरुष शेवटचा रिंगमध्ये येतो आणि सगळे लोक उठून उभे राहतात. टाळ्या थांबतच नाहीत, कोणी डोळे पुसतात, ‘धन्यवाद’ म्हणून एका सुरात ओरडतात.

“माझ्यापुढे आजवर एक माणूस उभा राहिलेला नाही,” ते म्हणाले. “एकसुद्धा नाही. ती माझी कमाई आहे. पैसा राहिला नाही, कान राहिला नाही, दात राहिले नाहीत, पण ही एक गोष्ट कोणी हिरावून घेतलेली नाही. आणि आता शेवटच्या दिवशी ही गोड मुलं उभी राहणार. म्हणजे झालो की मी नापास.” मग माझा हात धरून म्हणाले, “तुम्ही तरी बसाल ना?”

“बसेन की!”

“ओरडाल?”

“ओरडेन. मी काय तुमचा माणूस आहे?”

ते समाधानाने गेले. मी मात्र अस्वस्थ झालो, कारण शेवटचं वाक्य म्हणताना माझा आवाज कापला होता.

रविवारी मुलगी मला घेऊन गेली. हॉल तोच, पण छप्पर नवं, लाकडी खुर्च्यांच्या जागी प्लास्टिकच्या, आणि दिवे इतके की लग्नघरातही नसावेत. आम्ही डावीकडेच बसलो, पुढून तिसऱ्या ओळीत, कडेला. आधी नव्यांच्या कुस्त्या झाल्या. दोन बायकांची जोडी तर अशी खेळली की एक पडल्यावर मी ‘अरेरे’ म्हणालो. मुलीने ते ऐकलं आणि विजयी चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

“हे बघ,” मी तिला बजावलं, “हेडमास्तर आला की तू बसून राहायचंस.”

“बाबा, काहीतरीच काय! सगळे उभे राहणार आहेत, फोनवर ठरलंय आधीच. म्हाताऱ्या माणसाचा मान असतो. आपण दोघंच बसलो तर किती वाईट दिसेल.”

“वाईट दिसायलाच बसायचं असतं!”

“बाबा, लोक बघतायत. हळू.”

तेवढ्यात घंटा घणघणली. तीच, शाळेची.

पडदा बाजूला झाला आणि ते आले. काळा कोट आता अंगात दोन माणसं मावतील इतका सैल. छडी आता खरोखर टेकायला लागत होती. दोरीखालून वाकून रिंगमध्ये शिरायला त्यांना इतका वेळ लागला की घंटा वाजून वाजून थांबली. आणि अख्खा हॉल उभा राहिला. टाळ्या, टाळ्या, नुसत्या टाळ्या. मुलगी उभी राहिली, तिचे डोळे भरून आले होते. मी खुर्चीच्या कडा घट्ट धरून बसलो होतो. तोंड उघडलं, शिवी काढायला. ती येईना. मला रिंग दिसतच नव्हती. मला बस स्टॉपच्या मागे उभा राहिलेला एक म्हातारा दिसत होता. ज्याच्या हातचे पत्ते मला माहीत, ज्याच्या जबड्याचं माप माझ्या कपाटात, त्याचा द्वेष करायचा तरी कसा?

मी उभा राहिलो. टाळ्या वाजवायला लागलो. गालावरून पाणी वाहत होतं तेही पुसलं नाही.

हेडमास्तर मधोमध उभा होता. त्याने छडी उचलली, तोंड उघडलं आणि तसाच थांबला. सांगायचं काय? सगळे आधीच उभे होते. छडी हळूहळू खाली आली. त्याने डावीकडच्या खुर्च्यांकडे पाहिलं, एकेक ओळ शोधत, आणि त्याला मी सापडलो. उभा, रडणारा, टाळ्या पिटणारा. तो चेहरा मी विसरणार नाही. त्याच्यावर राग नव्हता. त्याच्यात आता काहीच उरलं नव्हतं.

मला खाली बसायचं होतं, देवाशप्पथ. पण आता बसून काय उपयोग?

मग त्याने कोटाच्या खिशातून हातरुमाल काढला, कपाळ पुसलं आणि माईक मागितला. “तो गृहस्थ बघा,” छडी माझ्याकडे रोखून तो म्हणाला. “यांनी माझे दात केले. महिनाभर खपले.” हॉलने माझ्यासाठीही टाळ्या वाजवल्या. मुलीने अभिमानाने माझा दंड धरला. एवढ्यात हेडमास्तराने माईक खाली केला, रुमाल तोंडाशी नेला, कवळी काढली, ओठ आत ओढले आणि ती उंच धरून चारी बाजूंना दाखवली. दिव्यांत गुलाबी हिरड्या चमकल्या. मग घाण काहीतरी हाताला लागावं तशी त्याने ती खाली टाकली. आणि बुटाने चिरडली. टाच फिरवून, सावकाश, माझ्या डोळ्यांत बघत.

माझ्या डोक्यात जाळ झाला. तो वाकडा दात बसवायला माझी एक अख्खी सकाळ गेली होती! हिरडीवरचा एकेक उंचवटा मी हाताने घासला होता! “अरे नालायका!” मी ओरडलो. “कृतघ्न माणसा! मेल्या, तुझ्या तोंडाला जन्मात दात लागायचे नाहीत!”

पण माझा आवाज कोणाला ऐकू गेला असेल तर शपथ. कारण माझ्या शेजारी माझी सभ्य मुलगी खुर्चीवर चढली होती. “माझ्या बाबांची कवळी!” ती किंचाळत होती. “थेरड्या! लाज नाही वाटत? माझ्या बाबांनी केलेली कवळी!” तिच्या मागच्या ओळीने ‘हूऽऽ’ केलं. मग उजवीकडच्या मिळमिळीत बाजूनेही केलं. बघता बघता टाळ्या कुठल्या कुठे विरल्या आणि त्या नव्या छपराखाली ते जुनं वादळ उठलं, जे मी वडील गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

हेडमास्तर ताठ झाला. पाठीचा कणा सरळ, छाती पुढे. छडी सपकन फिरली.

“उद्धट!” तो गर्जला. “सगळे उभे राहा!”

अख्खा हॉल धप्पकन खाली बसला. माझी मुलगीसुद्धा, हाताची घडी घालून, नाक फुगवून.

बसलो नव्हतो तो मी एकटा. मी ओळीतून बाहेर पडून रिंगच्या कडेशी गेलो होतो, कारण त्याने बुटाने सरकवलेले तुकडे तिथे खाली पडले होते आणि माझं काम असं पायदळी पडलेलं मला बघवेना. गुडघ्यांवर बसून मी ते गोळा करायला लागलो. एक मोठा गुलाबी तुकडा उचलला. तो बोटांत दबला. मऊ होता, कोमट होता, चिकटत होता.

मेण.

बाद झालेली ट्रायल! मीच केलेली, मीच दिलेली, आणि तिसऱ्या ओळीतून मलाच ओळखता आली नव्हती. आणि आत्ता ‘सगळे’मधला तो ‘स’ कसा आला होता? सुरीसारखा. दात नसलेल्या माणसाला असा ‘स’ येतो होय?

पावलं जवळ आली. हेडमास्तर रिंगमधून उतरून परत निघाला होता, दोन्ही बाजूंनी शिव्यांचा वर्षाव झेलत. माझ्यापाशी तो थांबला. लोकांकडे त्याची पाठ होती. त्याने ओठ जरासे उघडले. सगळे दात जागच्या जागी होते, वरचा एक वाकडा. डोळे पाण्याने काठोकाठ भरलेले.

“तू!” छडी माझ्या डोक्यावर उगारून तो ओरडला. “उभा राहा!”

मी मेण खिशात कोंबलं आणि तिथेच जमिनीवर फतकल मारली.

“नाही राहणार!” मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. “काय करशील?” आणि माझ्या वडिलांची ठेवणीतली शिवी दिली, जी मी तोवर कधी वापरली नव्हती.

पडदा पडेपर्यंत लोक बसून ओरडत होते. पडद्यामागून त्याने एकदा वळून बघितलं की काय ते मला दिसलं नाही, माझ्या डोळ्यांपुढे सगळं पुसट झालं होतं.

घरी जाताना मुलगी वाटभर धुमसत होती. “बाबा, त्या माणसाला परत दात करून द्यायचे नाहीत. कितीही पाया पडला तरी. शपथ घे.”

“शपथ,” मी म्हणालो. खिशातलं मेण बोटांना चिकटत होतं, म्हणून हात तसाच आत ठेवला. ती अजूनही त्याचं नाव निघालं की भडकते आणि मला तिचा फार अभिमान वाटतो. तिला मी काहीही सांगितलेलं नाही.

टाळ्या वाजवायला मी दुसऱ्या दिवशी गेलो. लॉन्ड्रीच्या मागच्या जिन्याने. दार त्यांनीच उघडलं, टेबलावर पत्ते मांडलेले होते आणि बशीत सफरचंदाच्या फोडी. मी खुर्ची ओढून घेतली आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. बसूनच.